ओल जपणाऱ्यांचा गौरव

मिरजकरांच्या एका गुणाची म्हणावी तशी दखल अजून कुणी घेतलेली नाही. आपण भिंतीतली ओल जपतो. जूनमध्ये गच्चीच्या कोपऱ्यातून पाणी झिरपू लागते, आषाढात गिलाव्याला पोपडे येतात, श्रावणात काळे ठिपके उमटतात आणि गणपती बसायच्या आत त्यावर रंगाचा हात फिरतो. हा क्रम वर्षानुवर्षे चुकलेला नाही. एवढी नियमितता सार्वजनिक कामांतही क्वचितच दिसते.

यामागे विचार आहे. गच्चीची फट बुजवायची तर गवंडी शोधा, शेजाऱ्याशी बोला, पन्हळीचा उतार तपासा. रंग त्या मानाने सोपा आणि पाहुण्यांना लगेच दिसणारा. ऑईलपेंट दिला तर अधिकच चांगले, कारण मग आतली ओल बाहेर पडायची वाटच बंद होते. बुरशीच्या मागण्या तशा माफक आहेत : ओल, थोडी धूळ, कागद किंवा लाकूड, आणि कुणाचा हात न लागणारी जागा. या चारही बाबतीत आपण कधी हात आखडता घेतलेला नाही.

चौथ्या मागणीसाठी आपल्याकडे कपाट आहे. ते ओल्या भिंतीला चिकटून उभे केले की डाग दिसत नाही आणि वाराही लागत नाही. गेल्या श्रावणात आमच्या मागच्या खोलीतले कपाट आम्ही दोघांनी धरून वीतभर पुढे ओढले. आधी कुबट वास आला. मग दिसली भिंत : रुपयाएवढे काळे गोल, एकातून दुसरा फुटलेला, कडांना हिरवट लव. कपाटाची प्लायवूडची पाठ बोटाने दाबली तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली. त्या भिंतीपासून दोन हातांवर नातवाचे अंथरूण होते. त्याला दोन महिने पहाटे खोकल्याची उबळ येत होती आणि आम्ही त्याचे आईस्क्रीम बंद केले होते.

दोष आईस्क्रीमला देण्याची ही रीतही गौरवास पात्र आहे. डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये इथे रुग्णालय उभारले, तेव्हापासून मिरज दवाखान्यांचे गाव. सीमेपलीकडचे कर्नाटकातले रुग्णही इथे येतात. अशा गावात पोराला शिंका, डोळ्यांना खाज, रात्री छातीत घरघर सुरू झाली, की आपण हवा बदलली म्हणतो आणि खोकल्याची बाटली आणतो. डॉक्टर विचारतात, “घरात ओल आहे का?” आपण सांगतो, “छे, आत्ताच तर रंग दिलाय.” दम्याचा पंप लिहून दिला, तर सवय लागेल म्हणून चार दिवसांत तो बंद करतो. पंप बंद होतो, ओल चालू राहते.

महापुरानेही आपली निष्ठा ढळली नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फूट ओलांडले. धोक्याची पातळी 45 फूट. मिरजेतल्या कृष्णाघाटाकडच्या घरांत पाणी शिरले. पूर ओसरला, गाळ उपसला, पंचनामे झाले. भिंत मात्र आतून वाळायला फार वेळ घेते. ती वाळण्याआधीच चुना फिरला, गाद्या उन्हात टाकून पुन्हा आत आल्या आणि घर सावरले असे सगळ्यांनी मान्य केले. ज्यांचे सगळेच वाहून गेले त्यांना दोष कसा द्यावा? पण भिंत वाळेपर्यंत थांबा, असे सांगणाराही त्यांना कुणी भेटला नाही.

आता गौरव पुरे. याच गावात सतारमेकर गल्ली आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांसाठी पंढरपूरच्या बाजूने येणारा भोपळा इथले कारागीर ओला असताना हातात धरत नाहीत. तो पूर्ण वाळू देतात, वारा लागेल असा टांगून ठेवतात. ओला भोपळा वरून कितीही रंगवला तरी आतून कुजणार, हे त्या गल्लीला दीडशेहून जास्त वर्षे ठाऊक आहे. आपल्या भिंतींना तेच ज्ञान लागू आहे.

आधी पाणी थांबवायचे : गच्चीची फट, मोरीचा नळ, तुंबलेली पन्हळ. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत पुरती वाळली पाहिजे; वाळली नाही तर बुरशी धरते. गादी, उशी, पुठ्ठा आतून कुजला असेल तर टाकून द्यावा. भिंतीवरची बुरशी कोरडी झाडू नये, कण घरभर उडतात. नाकातोंडाला मास्क, हातात मोजे घालून साबणाच्या पाण्याने घासून पुसून काढावी. ब्लीचने ती नुसती मारून भागत नाही, मेलेल्या बुरशीचेही काहींना वावडे असते. ज्याला दमा आहे त्याला या कामात घेऊ नये. भिंत पूर्ण वाळल्यावरच रंग. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळवायचे नाहीत, आणि न्हाणीघराची खिडकी आंघोळीनंतर उघडी. पंप डॉक्टर सांगतील तोवर चालू.

आम्ही गच्ची दुरुस्त केली, मागची भिंत खरवडली आणि दिवाळीतही तिला रंग दिला नाही. पाहुणे त्या उघड्या गिलाव्याकडे बघत होते. नातू शेजारच्या खोलीत सकाळपर्यंत झोपला होता.