चार दिवसांचा नागरिक

फौजी म्हटलं की आपल्याला सातारा जिल्हा आठवतो. तिथलं अपशिंगे गाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. अशा गावात पारावर बसलेल्या एखाद्या निवृत्त सुभेदाराला लढाईचं विचारून बघा. लढाई तो दोन वाक्यांत उरकतो आणि पेन्शनच्या कागदांवर तासभर बोलतो. अमेरिकेत येऊन मी ज्या साध्या शिपायाच्या प्रेमात पडलो, त्याचीही तऱ्हा तीच. शत्रूला तोंड द्यायची वेळ त्याच्यावर आलीच नाही. कागदांशी मात्र तो अठरा वर्षं झुंजला.

त्याचं नाव भगतसिंग थिंड. (आपला भगतसिंग वेगळा. हा त्याच्या आधी पंधरा वर्षं जन्मलेला.) जन्म 3 ऑक्टोबर 1892, अमृतसर जिल्ह्यातला. 1913 च्या 4 जुलैला, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन चालू असताना, स्वारी सिॲटलला उतरली. शिकायचं मनात होतं. पण खिशाला ते मान्य नसावं, त्यामुळे ऑरेगनमधल्या लाकूड गिरण्यांत काम धरलं. पाच वर्षांनी, 22 जुलै 1918 रोजी, गडी अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला.

वॉशिंग्टन राज्यातल्या कॅम्प लुइसमधला त्याचा एक फोटो आहे. अंगात अमेरिकन गणवेश, हातात रायफल, भरघोस दाढी आणि डोक्यावर पगडी. या सैन्यात पगडी घालून नोकरी करणारा पहिला शीख म्हणून त्याची नोंद आहे. फोटोत तो असा उभा आहे, जणू टोपी विसरून आले आहेत ते बाकीचेच.

8 नोव्हेंबरला त्याला हंगामी सार्जंट केलं. 11 नोव्हेंबरला महायुद्ध संपलं. या दोन घटनांचा संबंध जोडायचा मोह मला दर वेळी होतो. इतिहासकार तो जोडत नाहीत, हा त्यांचा कोरडेपणा.

9 डिसेंबरला त्याला अंगावर गणवेश असतानाच अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत ते काढूनही घेतलं. कारण काय, तर 1790 पासूनचा कायदा: परदेशी माणसाला नागरिक व्हायचं तर तो गोरा हवा. (1870 मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना त्यात जागा झाली. मधले आपण तसेच राहिलो.) नागरिकत्व गेल्यावर तीनच दिवसांनी सैन्याने त्याला सन्मानाने निरोप दिला आणि कागदावर शेरा मारला: वर्तणूक उत्कृष्ट. माणूस उत्कृष्ट, फक्त नागरिक म्हणून चालणार नाही!

आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातली मिसळ खाली ठेवली. त्यांचं ग्रीन कार्ड कित्येक वर्षं रखडलं होतं आणि ती कहाणी ते प्रत्येक गणेशोत्सवात ऐकवतात. “चार दिवस? अहो, आमच्याकडे चार दिवसांत पोचसुद्धा येत नाही. खातं फारच तत्पर होतं की!”

थिंडने पुन्हा अर्ज केला. सरकारने विरोधात सांगितलं की याची ऊठबस इंग्रजांविरुद्ध उठलेल्या गदरवाल्यांत आहे. ते अगदीच खोटं नव्हतं. गदर चळवळीचा उगमच ऑरेगनमधल्या ॲस्टोरिया गावचा. पण न्यायाधीश वुल्व्हर्टन यांना माणूस पटला आणि नोव्हेंबर 1920 मध्ये थिंड दुसऱ्यांदा नागरिक झाला. सरकार अपिलात गेलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं.

तिथे त्याची बाजू मांडणाऱ्या वकिलाचं नाव होतं सखाराम गणेश पंडित. हे नाव वाचून कुठल्याही मराठी माणसाचे कान टवकारतील. पण सदाशिव पेठेत चौकशीला जाऊ नका, गृहस्थ अहमदाबादचे. पंडितांकडे मुद्दा तयार होता. तीनच महिन्यांपूर्वी ताकाओ ओझावा या जपानी माणसाचा अर्ज फेटाळताना याच न्यायालयाने म्हटलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन. पंडितांनी मानववंशशास्त्राच्या आधाराने दाखवून दिलं की उत्तर हिंदुस्थानातला माणूस कॉकेशियनच ठरतो. तुमच्याच व्याख्येने आम्ही गोरे, घ्या!

त्या युक्तिवादात आणखी एक गोष्ट होती, आणि ती वाचताना माझं हसू मावळतं. थिंडला ‘उच्चवर्णीय हिंदू’ म्हणून उभं केलं होतं. शिखाला हिंदू म्हणणं ही तिथली रीतच होती, कारण अमेरिकेच्या लेखी हिंदुस्थानातून आलेला प्रत्येक जण हिंदू. पण युक्तिवाद त्याहून पुढे गेला: आम्ही उच्चवर्णीय आमच्या खालच्यांना तसंच वागवतो, जसं तुम्ही काळ्यांना, तेव्हा आपण एकाच पंगतीतले. सातासमुद्रापलीकडे जाताना आपण लोणच्याच्या बरणीबरोबर जातही नेली, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयात प्रमाणपत्र म्हणून पुढे केली. बिचारी तिथेही कामाला आली नाही, एवढंच त्यातलं समाधान.

19 फेब्रुवारी 1923 रोजी न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी एकमताचा निकाल वाचला. सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले, लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत आलेले, म्हणजे स्थलांतरितच. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: शास्त्रज्ञ काही म्हणोत, गोरा कोण हे सामान्य माणसाला बरोबर कळतं, आणि थिंड गोरा नाही हेही कळतं. तीन महिन्यांपूर्वी ज्या शास्त्राच्या आधाराने जपानी माणसाला घालवलं, ते शास्त्र हिंदुस्थानी माणूस येताच गुंडाळून ठेवलं. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन जन्मभर गप्प राहिला. सदरलँडसाहेबांच्या कॉमन मॅनला बोलायला लावलं, आणि बोलला तो हे.

या निकालाचा फटका एकट्या थिंडला बसला नाही. आधी नागरिक झालेल्या हिंदुस्थानींच्या नागरिकत्वाच्या सनदा सरकार परत मागू लागलं. सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णोदास बगई यांनी नागरिकत्व गमावल्यावर 1928 मध्ये आत्महत्या केली. सरकारने पंडितांवरही खटला भरला. पण तो माणूस वकील होता. तुमच्या सनदेवर विसंबून मी वकिली उभी केली, घर केलं, लग्न केलं. आता ती मागता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं आणि 1926 मध्ये अपिलातही जिंकले. सर्वोच्च न्यायालयाने सरकारची पुढची विनंती ऐकूनच घेतली नाही. वकिलाने अशिलाची केस हरावी आणि स्वतःची जिंकावी, यात पंडितांचा दोष नाही. पण थिंडने ती बातमी कोणत्या चेहऱ्याने वाचली असेल, हे बघायला मला आवडलं असतं.

शेवटी थिंडच्या उपयोगी पडली ती सैन्यातली पाच महिन्यांची नोकरी. 1935 मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला की पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेल्या आशियाई माणसांना नागरिक होता येईल. 1936 मध्ये न्यूयॉर्कला थिंड तिसऱ्यांदा नागरिक झाला. या वेळी टिकला.

“मग एवढी वर्षं तो करत काय होता?” काकांचा प्रश्न रास्त होता. प्रवचनं! गावोगाव फिरून अमेरिकन लोकांना नानक आणि कबीर सांगत होता, अधूनमधून त्यांचेच इमर्सन आणि व्हिटमन त्यांना समजावत होता. ज्यांच्या कायद्याने त्याला दारात उभं केलं, त्यांच्याच सभागृहांत हा पगडी बांधून आत्म्याच्या गोष्टी करायचा आणि लोक कान देऊन ऐकायचे. या माणसात मला सर्वांत आवडते ती ही गोष्ट. एरवी एवढ्या कोर्टकचेऱ्या झाल्या की माणूस कडवट होतो, निदान आत्मचरित्र तरी लिहितो. यानं अध्यात्मावर पुस्तकं लिहिली, 1940 मध्ये व्हिव्हियन डेव्हिस यांच्याशी लग्न केलं, संसार केला आणि 15 सप्टेंबर 1967 रोजी तो गेला.

त्याआधी दोन वर्षं, 3 ऑक्टोबर 1965 रोजी, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. आपले डॉक्टर आणि इंजिनिअर अमेरिकेत शिरले ते याच दारातून. तो थिंडचा त्र्याहत्तरावा वाढदिवस होता. आमची ढोलपथकं आणि नाटकाचे दौरे सगळे त्या सहीनंतरचे, पण आमच्या कुठल्या अधिवेशनात थिंडचं नाव निघालेलं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि पगडीचं? 1981 मध्ये अमेरिकन सैन्याने ती नव्या भरतीला बंद केली. मग पुन्हा अर्ज, विनंत्या, कोर्ट. जानेवारी 2017 मध्ये सैन्याने नियम बदलून पगडी आणि दाढी यांना रीतसर परवानगी देण्याची सोय केली. म्हणजे भगतसिंग थिंड पगडी घालून कवायत करून गेला, त्याला तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षं झाली होती.