ताडपत्री-शास्त्र : गाडीला स्वस्तात छत बांधू इच्छिणाऱ्यांसाठी

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून चारचाकी बाहेर काढणे हेच मुळात एक कसब आहे. त्यामुळे ती बाहेर काढून थेट हिप्परग्याच्या तलावावर किंवा उजनीच्या काठी मुक्कामाला नेणारा माणूस सामान्य समजू नये. अशा माणसाला तलावावर पोहोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत एक साक्षात्कार होतो : गाडी आहे, चटई आहे, शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा डबा आहे, सावली मात्र नाही. घरी परतून तो मोबाइलवर शोध घेतो आणि गाडीच्या टपाला बाजूने लावायची, ओढली की उलगडणारी गुंडाळी पाहतो. तिची किंमत पाच आकडी असते. मग तो स्वस्तातले काहीतरी शोधू लागतो, आणि नेमक्या त्या क्षणी त्याला मार्गदर्शनाची गरज भासते. प्रस्तुत शास्त्राचा सिद्धान्त एका ओळीत मावतो : कापड विकत मिळते, सावली बांधावी लागते. ज्याला हे पटले त्याला महाग छत घ्यावे लागत नाही, आणि ज्याला पटले नाही त्याला महाग छत घेऊनही उन्हात बसावे लागते.

या सिद्धान्ताचा पुरावा दर आषाढात आपल्याच जिल्ह्यातून चालत जातो. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात शिरते, तुकाराम महाराजांची अकलूजच्या बाजूने येते, शेगावच्या गजानन महाराजांची तर सोलापूर शहरातून जाते. दिंड्यांच्या मागेपुढे सामानाचे ट्रक आणि टेम्पो असतात. मुक्कामाला पोहोचल्यावर त्यांच्या कडेला ताडपत्री ओढली जाते, दोन बांबू उभे राहतात आणि थोड्याच वेळात खाली चूल पेटते. गाडीला छत जोडण्याचा इतका मोठा, इतका जुना आणि दर वर्षी पावसात तपासला जाणारा प्रयोग जगात क्वचितच कुठे होत असेल. यावर आक्षेप येईल की ट्रकची उंची वेगळी, आपल्या गाडीची वेगळी. आक्षेप रास्त आहे, पण तो बांबूच्या लांबीविषयी आहे. तत्त्वाला त्याने धक्का लागत नाही. तत्त्व असे की एक कड गाडीवर भक्कम, दुसरी कड दोन टेकूंवर, आणि सगळे काही ताणावर.

आता निवड. दुकानात ताडपत्रीच्या जाडीला जीएसएम म्हणतात, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम. हा आकडा लेबलवर छापणे सोपे असते, म्हणून शास्त्रनिष्ठ गिऱ्हाइकाने तो वाचू नये, तोलावा. नऊ बाय बारा फुटांची ताडपत्री म्हणजे साधारण दहा चौरस मीटर. ती खरोखर २०० जीएसएमची असेल तर काट्यावर दोन किलोच्या आसपास भरली पाहिजे. सव्वा किलो भरली तर फरक कुठे गेला हे दुकानदाराला नम्रपणे विचारावे. हाच आकार सामान्य गाडीला पुरतो : पाच फूट टपावरून पलीकडे नेऊन कॅरियरला बांधायचे, सात फूट बाहेर काढायचे. यामुळे टपही तापत नाही आणि ओढ गाडीच्या दोन्ही अंगांना वाटली जाते. वरची बाजू चंदेरी किंवा पांढरी असावी, कडेच्या रिंगा दर तीन फुटांना असाव्यात, आणि कोपऱ्याला कापड दुमडून शिवलेले असावे, कारण ताडपत्री मधोमध क्वचित फाटते आणि कोपऱ्यात हमखास.

इथे अस्सल सोलापूरकर विचारणारच : घरात चादर असताना ताडपत्री कशाला? सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण त्या मानांकनात पाणी अडवण्याचा उल्लेख नाही. पावसात ती पाणी पिते, जड होते आणि शेवटी खाली बसलेल्यांनाच पांघरूण घालते. तरीही चादरीला घरी ठेवणे अशास्त्रीय ठरेल. प्लास्टिक उन्हात तापते आणि तो ताप खाली फेकते. कापडाखाली सावली असूनही डोके भणभणते ते यामुळे. ताडपत्रीच्या खाली एक वीत अंतर सोडून चादर ताणली की मधून वारा वाहतो आणि वरची धग चादरीवर अडते. पश्चिमेच्या बाजूला ओला टॉवेल टांगावा. मे महिन्यातली आपल्याकडची कोरडी हवा त्यातले पाणी झपाट्याने उडवते आणि वाळ्याच्या पडद्याचे काम फुकटात होते. चादर आणि टॉवेल ही दोन्ही सोलापूरची ख्यातनाम उत्पादने अशा रीतीने एकाच छताखाली येतात.

यापुढचा भाग सर्वांत दुर्लक्षित आणि म्हणून सर्वांत महत्त्वाचा : गाडी कोणत्या तोंडाने उभी करायची. सोलापूर सतरा-अठरा अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्याला दुपारी साडेबाराच्या जरा आधी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि कापडाची सावली बरोबर कापडाखाली पडते. याच वेळी माणूस खूश होऊन फोटो काढतो आणि फसतो. चार वाजेपर्यंत सूर्य पश्चिमेकडे सुमारे अडतीस अंशांवर उतरलेला असतो. दोन मीटर उंचीवरच्या कापडाची सावली तेव्हा अडीच मीटर पूर्वेला सरकते. छत पश्चिमेला लावले असेल तर सगळी सावली गाडीखाली जाते. टायर सुखी होतात, कुटुंब नाही. छत पूर्वेला असेल तर गाडीची स्वतःची सावली पहिले अडीच मीटर झाकते आणि कापडाची सावली तिथून पुढे आणखी दीडेक मीटर जोडते. म्हणजे दुपारनंतर खरे छत गाडीच असते, ताडपत्री तिची पुरवणी. सकाळी याच्या उलट, म्हणून जेवणाच्या आधी गाडी वळवून घ्यावी. पाच आकडी छत घेणारा ही तसदी घेत नाही, कारण त्याचा समज असतो की इतके पैसे दिल्यावर सूर्यानेच थोडे समजून घ्यावे.

सूर्य दिशा तरी ठरवून येतो, वारा तसा नाही. सात फूट बाहेर आणि नऊ फूट रुंद कापड म्हणजे जवळपास सहा चौरस मीटरचे शीड. ताशी ४० किलोमीटर वाऱ्याचा दाब त्यावर सरळ धरला तर सुमारे ४५ किलोंचा भार होतो. ताशी ६० ला तोच १०० किलोंच्या वर जातो, कारण वेग दीडपट झाला की जोर सव्वादोनपट होतो. अर्धा भार गाडी पेलते, उरलेला दोन टेकूंवर. आपल्याकडची जमीन इथे फितूर होते : काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि मेख लोण्यात रुतल्यासारखी सुटते, तर मुरमात ती ठोकताच वाकते. म्हणून प्रत्येक टेकूच्या दोराला वीस लिटरचा भरलेला पाण्याचा कॅन बांधावा. ढोबळ हिशेबाने हा कॅन ताशी पन्नासच्या वाऱ्यापर्यंत तग धरतो, आणि पिण्याचे पाणी तसेही न्यायचेच असते. फक्त कोणत्या कॅनमधले पाणी आधी संपवायचे याचा निर्णय कुटुंबप्रमुखाने घ्यावा, मुलांवर सोडू नये.

पन्नासच्या पुढे काय? पुढे वळीव. मेमधला वळीव धुळीची भिंत घेऊन येतो आणि त्यापुढे कोणत्याही किमतीचे छत टिकवण्याचा हट्ट व्यर्थ असतो. म्हणून उभारायला किती मिनिटे लागतात यापेक्षा सोडायला किती सेकंद लागतात ही खरी कसोटी. कॅरियरकडची कड निरगाठीने बांधावी, टेकूकडची सुरगाठीने. एक टोक ओढले की मोकळी. बाहेरची कड आतल्यापेक्षा फूटभर खाली ठेवावी, नाहीतर मध्ये पोट सुटते. एक चौरस मीटरच्या पोटात एक सेंटिमीटर पाणी साठले की दहा किलो होतात, आणि पोट एकदा सुटले की वाढतच जाते.

कोणी म्हणेल, एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा गाडीला पक्का सांगाडाच वेल्ड करून घेऊ. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि बाजूला आलेला पाइप पेठेच्या गल्लीत शेजाऱ्याच्या दारात अडकेल तो वेगळाच. सुटे छत मुक्कामापुरते बांधावे आणि निघताना सोडावे. मात्र पहिली चाचणी गल्लीतच घ्यावी. तिथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी अशा चार भाषांतून सल्ला मिळतो. सगळा ऐकून घ्यावा, दोर मात्र एकाच दिशेने ओढावा.

शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे : कडुलिंबाखाली गाडी लावली तर हे सगळे शास्त्र कशाला? तो पूर्ण मान्य. लिंब दिसला तर ताडपत्रीची घडीसुद्धा मोडू नये. पण पाणी ओसरल्यावर उघडा पडलेला उजनीचा काठ झाडांच्या भरवशावर राहू देत नाही, म्हणून खरेदी करावीच, फक्त क्रम उलटा ठेवावा. दुकानात आधी चांगला दोर मागावा, मग दोन मजबूत पाइप, मग कॅन आणि उरलेल्या पैशांत ताडपत्री. दुकानदार जरा चक्रावेल. त्याच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी रंग विचारतो.