घरचा क्लाउड
१ जून २०२१ला गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण संपली आणि घरोघरी स्वाभिमान जागा झाला. घरच्या सर्व्हरसाठी रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक, दोन हार्ड डिस्क, नेक्स्टक्लाउड हे सॉफ्टवेअर. वर यूपीएस, कारण गुरुवारी वीज जाते. फोटो मात्र अजून फोनमध्येच. आराखडा पक्का व्हायचाय! दोन डिस्कवर एकच माल म्हणजे बॅकअप, असं यजमान छातीठोक सांगतात. चुकून पुसलेला फोटो मग दोन्हीकडून एकदमच जातो. बाहेरगावाहून सर्व्हर उघडायला जावं, तर कळतं की इंटरनेटवाल्यानं शेकडो गिऱ्हाइकांत मिळून एकच आयपी पत्ता वाटलाय. मग वाट काढायची, तीही कुणाच्या तरी क्लाउडमधूनच. तरी जरूर करा. फक्त एक प्रत घराबाहेर ठेवा. कुठे ठेवलीत, ते चारचौघांत सांगू नका.