पोट वगळून माणूस

डॉक्टर व्हायचंय? मग माणसाचं पोट वाचण्यात वेळ घालवू नका. ते नीट परीक्षेला नाही.

थट्टा नाही. करोनानंतर मुलांवरचा भार हलका करायचा म्हणून एनसीईआरटीने अकरावीच्या जीवशास्त्रातून पचन आणि शोषणाचा अख्खा धडा उडवला. मज्जासंस्थेच्या धड्यातून डोळा आणि कानही गेले. 2024 च्या नीटच्या अभ्यासक्रमाने तीच री ओढली. भार हलका झाला खरा. माणसाचाच.

बरं, पचन हा विषयच बाद केला म्हणावं, तर तसंही नाही. त्याच अभ्यासक्रमात बेडकाची पचनसंस्था आहे!

आणि तिथे बेडकाची ओळख काय दिलीय? कीटक.

आधी त्या जागी झुरळ होतं. झुरळ गेलं, बेडूक आला, मागचा ‘कीटक’ पुसायचा राहिला. देशाचे भावी डॉक्टर निवडणाऱ्या कागदावर हे छापून येतं, आणि निगेटिव्ह मार्किंग कोणाला? मुलांना.

आपल्या बालभारतीने अकरावीत ह्यूमन न्यूट्रिशनचा धडा ठेवलाय. वाचतो कोण? नाव ज्युनियर कॉलेजात, पोरगं क्लासमध्ये. ‘इंटिग्रेटेड’ म्हणतात त्याला. सरकारने 2018 साली विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी लावली. पूर्ण विद्यार्थी नाही तर नाही, निदान अंगठा तरी कॉलेजात यावा!

720 पैकी 360 गुण एकट्या जीवशास्त्राचे. त्यामुळे ओळ न् ओळ घोकायची. हृदयाचे मिनिटाला 72 ठोके, ठोक्याला 70 मिली, म्हणजे मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त. झोपेतून उठवलं तरी सांगतील. स्वतःची नाडी शोधायला सांगा. हात कोपराशी जातो.

मानवी प्रजननाचा धडा मात्र शाबूत आहे हं. एरवी घरात तो विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढतो. पण एका प्रश्नाला चार गुण म्हटल्यावर आईच दरडावते, ‘तो चॅप्टर झाला का रे?’ मासिक पाळीचे अठ्ठावीस दिवस हार्मोनसकट पाठ असलेला हाच मुलगा बहिणीसाठी पॅड आणायला पाठवला, की दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत बाहेर मोबाइल बघत उभा राहतो. मुळात त्याला पाठवतं कोण, हाही प्रश्नच आहे.

रात्री क्लास सुटतो, गाडीवर वडापाव होतो, घरी आल्यावर छातीत जळजळ. बाबा मेडिकलमधून अँटासिड आणतात. जळजळ कशाने होते, हे भावी डॉक्टरांना विचारायचं नाही.

बेडकाची होत असेल तर विचारा.