घराचा पैसा बाजारात ठेवू नका

"बाजार चांगला चाललाय, आत्ता कशाला पैसे काढतोस?" बारामतीच्या एमआयडीसीत शिफ्ट सुटली की चहाच्या टपरीवर हा सल्ला फुकट मिळतो. देणाऱ्याला त्याची काही तोशीस नसते. ऐकणाऱ्याने मात्र भिगवण रोडला फ्लॅट बघून ठेवलेला असतो, ताबा दीड वर्षावर आलेला असतो आणि पगारातून एसआयपी भरत जमवलेली सगळी पुंजी शेअरच्या फंडात असते. या पोरांना माझं सांगणं एकच आहे: काढा. सगळी एकदम नको, पण काढायला आजच लागा.

हिशेब कागदावर मांडून बघा. फ्लॅट चाळीस लाखांचा. बँक फार तर ऐंशी टक्के देणार, म्हणजे बत्तीस लाख. वरचे आठ तुमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या कर्जात बसत नाही, त्याचे आणखी दोन-अडीच लाख. म्हणजे साडेदहा लाख रोकडा हवा, आणि तो ठरलेल्या तारखेला हवा. बिल्डरचं स्लॅबचं मागणीपत्र सेन्सेक्स बघून येत नाही.

जानेवारी 2020 मध्ये सेन्सेक्स 42,000 च्या आसपास होता. 23 मार्चला तो एका दिवसात 3,900 अंकांहून जास्त कोसळला आणि 26,000 च्या खाली बंद झाला. निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या फंडात जानेवारीत साडेदहा लाख असतील, तर त्या संध्याकाळी साडेसहा उरले. नोव्हेंबरात बाजार पुन्हा पहिल्या जागी आला, हे खरं. पण 2008 आठवा. जानेवारीत 21,000 ला टेकलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात 9,000 च्याही खाली गेला, आणि तो आकडा परत दिसायला 2010 ची दिवाळी उजाडली. ज्याला म्हातारपणासाठी पैसा साठवायचा होता, तो थांबला आणि तरला. ज्याला त्या दरम्यान खरेदीखत करायचं होतं त्याने काय करायचं? असं चार लाखांचं भगदाड आपल्याकडे कशाने बुजवतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. आईच्या पाटल्या तारण जातात, चढ्या व्याजाचं कर्ज डोक्यावर बसतं, नाही तर इसार बुडतो.

इंदापूर तालुक्यातल्या ऊसवाल्याला हे शिकवावं लागत नाही. आडसाली उसाला तुरा आला की तो तोडीसाठी चिटबॉयच्या मागे हात धुऊन लागतो. ऊस आणखी उभा राहिला तर पोकळ पडणार आणि काट्यावर वजन घटणार, हे त्याला कळतं. त्याच्याच घरातला कंपनीत जाणारा पोरगा फंडाचा तुरा मोबाइलवर रोज बघतो आणि खूश होतो.

माझा हिशेब असा. घर तीन वर्षांवर आलं की घराला लागणारी रक्कम बाजारातून टप्प्याटप्प्याने बाहेर घ्यायला लागा. शेवटच्या वर्षात त्यातला रुपयाही शेअरमध्ये नको. घरासाठीची नवी एसआयपी बंद करून तो हप्ता बँकेच्या आवर्ती ठेवीत वळवा. निवृत्तीसाठीची एसआयपी वेगळी, तिला हात लावू नका. आणि "थांबा" म्हणणारा फंड विकणारा असेल, तर पैसे शेअरच्या फंडात राहिले तोवर त्याला दरवर्षी किती कमिशन मिळतं, ते त्याला तोंडावर विचारा. विचारायची लाज धरू नका, पैसा तुमचा आहे.

दुसरी चूक पैसे काढल्यानंतर होते, आणि तिचा मला जास्त राग येतो. शेअरच्या धास्तीने काढलेली रक्कम दीड टक्का व्याज जास्त म्हणून ओळखीच्या पतसंस्थेत जाते. बँकेतल्या ठेवीला व्याजासकट पाच लाखांपर्यंत विमा आहे, तोही एका बँकेत एका ठेवीदाराला. पतसंस्थेच्या ठेवीला हे कवच नाही. संचालक आपल्या गावचा आहे, हे कवच होत नाही. बँकेतही पाच लाखांच्या वरची रक्कम दोन-तीन ठिकाणी वाटून ठेवा. पुण्याची रुपी बँक शंभर वर्षांची होती, तरी 2013 मध्ये तिच्यावर निर्बंध आले आणि लोकांच्या ठेवी वर्षानुवर्षं अडकल्या. रोख्यांचे फंड म्हणजे सुरक्षित, हेही सरसकट धरू नका. एप्रिल 2020 मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने अशा सहा योजना एका रात्रीत बंद केल्या. पैसे पुढे परत मिळाले, पण गुंतवणूकदाराला हवे तेव्हा नाही. घराच्या पैशाला ठरल्या तारखेला मिळणं हीच पहिली अट आहे. ताब्याच्या महिन्यात मुदत संपेल अशी ठेव करा, म्हणजे मोडून दंड भरायची वेळ येणार नाही.

पालखी मार्गाच्या रुंदीकरणात ज्यांची जमीन, घर गेलं, त्यांच्या मोबदल्याला तर हे दुपटीने लागू आहे. पगार दर महिन्याला येतो, मोबदला एकदाच येतो. त्यातून घर बांधायचं असेल, तर बांधकामाचा पैसा बाजारात शिरूच देऊ नका.

"काढल्यावर बाजार वर गेला तर?" जाऊ दे. थोडा नफा हुकेल, पण घर होईल. टप्प्याने काढण्यात करही वाचतो. शेअरच्या फंडातल्या वर्षाहून जुन्या गुंतवणुकीवरचा नफा एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे, वरच्यावर साडेबारा टक्के. काही युनिट मार्चमध्ये विकलीत आणि काही एप्रिलमध्ये, तर सव्वा लाखाची सूट दोनदा मिळते, आणि घरात नवराबायको दोघांच्या नावावर फंड असतील तर चारदा.