खोबरेल तेल : साठवण, परीक्षा आणि घरातली शांतता

सदर मार्गदर्शन मोहोळ आणि आसपासच्या कुटुंबांसाठी आहे. कोकणातल्या वाचकांनी ते वाचू नये. दारात माड असलेल्या माणसाला साठवण समजावता येत नाही. आमच्याकडं समुद्र म्हणजे रस्त्यानं तीनशे किलोमीटरच्या पुढची गोष्ट. आमचा अभिमान ज्वारीचा. मालदांडीचं एम ३५-१ हे वाण इथल्याच संशोधन केंद्रातलं. कालवणाला शेंगतेल नाहीतर करडईचं, आणि खोबरेल फक्त डोक्याला.

हे तेल खायचं की डोक्याला लावायचं, यावर सर्वोच्च न्यायालयात २०१८ साली दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तिघांच्या पीठानं ठरवलं की लहान बाटलीत भरलं एवढ्यावरून ते केशतेल होत नाही. प्रश्न कराचा होता. मी निकाल आत्यांना (म्हणजे सासूबाईंना) वाचून दाखवला. "मग खावं की त्यांनी," आत्या म्हणाल्या आणि वेणीला पेड घालू लागल्या.

आता साठवण. तेल उजेड, उष्णता, हवा आणि पाणी या चौघांपासून दूर ठेवावं. आपल्याकडं ते परंपरेनं न्हाणीघराच्या खिडकीत ठेवतात, म्हणजे चौघांची सोय एकाच जागी होते. त्यापेक्षा आतल्या खोलीतली देवळी बरी, विशेषतः घर माळवदाचं असेल तर. पत्र्याच्या घरात मे महिन्यात थंड जागा माठाखालीच असते, आणि तिथं आधीच मांजर असतं. भांडं काचेचं किंवा स्टीलचं, कोरडं, घट्ट झाकणाचं. तांब्या-पितळेचं नको, तांब्याच्या संगतीत तेल लवकर खवट होतं. प्लॅस्टिकची बाटली चालते. पॅराशूटचं तेल पत्र्याच्या डब्यातून प्लॅस्टिकमध्ये आणायचं ठरलं तेव्हा मोठा अडथळा उंदरांचा होता. चौकोनी बाटलीचे कोपरे ते कुरतडायचे, म्हणून दाताला पकड मिळू नये अशी गोल बाटली केली आणि ती उंदरांच्या पिंजऱ्यात ठेवून तपासली. माणसांच्या पिंजऱ्यात तिची चाचणी झाली नाही, हीच काय ती उणीव.

कारण खरा प्रश्न थंडीत उभा राहतो. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं. आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा ते पाण्यासारखं वाहतं, आणि डिसेंबरात पहाटे बाटलीत मेणबत्ती होते. थिजणं म्हणजे बिघडणं नव्हे. हे वाक्य घरात मोठ्यानं वाचावं. तरीही कुणीतरी उदबत्तीची काडी, विणायची सुई किंवा पोराच्या कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन बाटलीवर तुटून पडतंच. नंतर बोट. बोटाबाबत एकच सूचना : मिसरीचं आणि तेलाचं बोट वेगळं असावं. आमच्या घरी हा ठराव दोनदा मांडला गेला आणि दोन्ही वेळा फेटाळला गेला. वास्तविक झाकण लावलेली बाटली कोमट पाण्यात पाच मिनिटं उभी केली की काम होतं. थंडीपुरतं तेल रुंद तोंडाच्या बरणीत काढलं आणि कोरडा चमचा वापरला, तर तेही लागत नाही.

परीक्षेकडं वळू. चांगल्या तेलाला खोबऱ्याचा वास येतो किंवा, शुद्ध करून गंध काढलेलं असेल तर, कसलाच येत नाही. खोबरेलात जवळपास नव्वद टक्के मेद संपृक्त असल्यामुळं हवेनं ते सावकाश खराब होतं. करडईच्या तेलाला एवढा धीर नसतो. पण पाणी शिरलं की मेद फुटून आम्लं सुटी होतात. त्यांतलं लॉरिक आम्ल साबणासारखं लागतं. दुसऱ्या एकाचं नाव कॅप्रिक, लॅटिनमधल्या शेळीवरून पडलेलं, आणि वासही तसाच. चार थेंब तळहातावर चोळून हुंगावेत. शेळ्यांच्या बाजारात उभं राहिल्यासारखं वाटलं तर तेल गेलं. वाटलं नाही तर जिभेच्या टोकाला लावावं. घशाशी खवखवलं तरी गेलंच. रंग पिवळट होणं, तळाशी गढूळ पाणी साचणं, वर बुरा येणं या पुढच्या पायऱ्या. त्यांना नाक लागत नाही, फक्त कबुली लागते.

कबुली मात्र मिळत नाही. मागच्या श्रावणात मी जास्वंद आणि कढीपत्ता घालून तेल कढवलं. पाल्यातलं पाणी पुरतं आटून तडतड थांबेपर्यंत आच बंद करायची नसते. मी गॅस संपत आला म्हणून आधीच बंद केली. महिन्याभरात तेलावर करडे ठिपके तरंगू लागले.

"आत्या, बुरा आलाय."

"बुरा न्हाय गं, फुलाचा चुरा हाय त्यो."

"वास तरी घेऊन बघा."

"तेलाला वास असतूच."

२०२५ मध्ये खोबरेलाचे भाव असे चढले होते की मलाही तो चुराच वाटू लागला. तरीही नियम सांगणं भाग आहे : बुरा आलेलं तेल गाळून वापरू नये, टाकावं. मोरीत ओतू नये, थंडीत ते पाइपात थिजतं आणि मग वेगळं मार्गदर्शन लागतं. नुसतं खवट झालेलं दाराच्या बिजागरीला आणि सायकलच्या साखळीला चालतं. ते नागनाथाच्या दिव्यात घालण्याची पद्धत आहे. त्यावर मी मत देणार नाही, पण असा दिवा लावणारीनं त्याच वेळी देवाकडं मुलाची नोकरी मागू नये.

आणि शेवटची सूचना, जिच्यासाठी हा सगळा प्रपंच केला. जुनं उरलेलं तेल नव्या बाटलीत ओतू नये. खवट तेल ताज्यात गेलं की विरजणासारखं काम करतं. त्याच्या संगतीनं चांगलंही लवकर नासतं. नवं तेल नव्या किंवा धुऊन खडखडीत वाळवलेल्या भांड्यातच असावं. हे मी आत्यांना विरजणाच्या दाखल्यासकट सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "व्हय की," म्हणाल्या. मला वाटलं, पटलं.

सकाळी न्हाणीघराच्या खिडकीत नवी बाटली उभी होती, बुचाविना. तिच्या तोंडावर तोंड ठेवून जुनी उलटी, कलू नये म्हणून केरसुणीचा आधार दिलेला. खाली थेंब पडत होता, मोठ्या सवडीनं.

"हात लावू नगंस," आतून आवाज आला. "आजून चार थेंब निगतील."