अंतऱ्याला वेळ नाही

सकाळी साडेसात ही प्रसिद्ध असण्याची वेळ नव्हे. त्या वेळी तोंडात टूथपेस्टचा फेस असतो, दूध उतू जाण्याच्या बेतात असतं आणि इस्त्रीचा शर्ट कुणीतरी दुसऱ्यानंच घातलेला असतो. नेमका तेव्हा एफएमवर एखादा नायक येतो आणि घोगऱ्या आवाजात सांगतो, ‘या भूमिकेसाठी मी स्वतःला पूर्ण विसरलो होतो.’ आमच्या घरात त्या वेळी कुणी किल्ल्या विसरत असतं, कुणी चष्मा, कुणी डबा. त्यात यानं स्वतःला विसरण्याचं आम्हांला काय अप्रूप?

तसा मी रेडिओच्या वाइटावर नाही. उलट माझं शालेय शिक्षण रेडिओमुळेच झालं, कारण शाळेत वेळेवर पोचणं सर्वस्वी त्याच्यावर अवलंबून होतं. सहा पंचावन्नला संस्कृत बातम्या लागायच्या. ‘इयम् आकाशवाणी’ आणि ‘प्रवाचकः बलदेवानन्द सागरः’ एवढं आळीतल्या प्रत्येक पोराला पाठ होतं. त्यापुढचं कुणालाच कळत नसे, पण अजून अंथरुणात असलो तर आज आपलं काही खरं नाही, एवढं कळायचं. सात पाचला पुणे केंद्रावरून सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या द्यायच्या. बातमी मंत्रिमंडळाची असो की धरणातल्या पाण्याची, आमच्या घरी तिचा अर्थ ‘आंघोळीला पळ’ एवढाच होता. भिंतीवरचं घड्याळ अधूनमधून मागे पडायचं. सुधाताई कधी पडल्या नाहीत.

सकाळचा पाहुणा कलाकार तेव्हाही असायचा. शेजारच्या काकांकडे शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन लागायचं. खरखरीतून वाट काढत जुन्या चित्रपटगीतांचा अर्धा तास चालायचा आणि आठला दोन-तीन मिनिटं उरली की के. एल. सैगल यायचे. रोज. सैगल 18 जानेवारी 1947 ला गेले, तरी त्यानंतर कित्येक वर्षं सकाळी हजर राहण्यात त्यांनी खंड पाडला नाही. यायचे, गाणं म्हणायचे, जायचे. आगामी चित्रपटाबद्दल अवाक्षर नाही. सेटवर काय धमाल केली ते नाही. सकाळच्या पाहुण्यानं कसं वागावं याचा हा आदर्शच म्हणायला हवा. फक्त त्यासाठी आधी वारावं लागत असावं, अशी मला शंका येते.

पुढे 2001 मध्ये बंगळुरूत खाजगी एफएम सुरू झालं आणि मग ते आपल्याकडेही आलं. या वाहिन्यांनी स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत, असा सरकारी नियम. मंत्री कोण झाला हे सांगण्याइतका सरकारचा निवेदकावर विश्वास नाही. पण मी नाश्त्याला काय खावं हे त्यानं सांगायला सरकारची हरकत नाही. बातम्या गेल्यावर उरलं काय? रहदारी, जाहिराती आणि पाहुणे. त्यात 2006 मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’ आला. त्यात विद्या बालननं ‘गुड मॉर्निंग मुंबई’ असं काही ओढून म्हटलं, की तेव्हापासून गावोगावचे निवेदक तो स्वर अजून ओढताहेत. पण एक लक्षात घ्या. स्टुडिओत पाहुणा म्हणून जायला मुन्नाभाईला गांधीजींवरच्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली होती, भले प्राध्यापक पळवून आणून का असेना. आताच्या पाहुण्याला विचारतात, ‘पोहे की मिसळ?’ आणि तोही विचारात पडतो.

हे सगळं मी कानावरून बोलत नाही. डोळ्यांनी पाहिलं आहे. माझा भाचा तबला वाजवतो. एका नावाजलेल्या गायिकेबरोबर त्याला शहरातल्या एका एफएम स्टेशनवर सकाळच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. गप्पा नायकाशी आणि ‘लाइव्ह म्युझिक’ बाईंचं, असा बेत होता. ‘मामा, तू चल ना,’ भाचा म्हणाला, ‘तबला, डग्गा आणि मी, एका टू-व्हीलरवर मावत नाही.’ मी मागे बसलो. मांडीवर डग्गा घेऊन पहाटे चाललेल्या गृहस्थाकडे पोलीस संशयानं नाही, सहानुभूतीनं बघतात.

स्टुडिओ म्हणजे आमच्या स्वयंपाकघराएवढी खोली, भिंतींना स्पंज लावलेला. ज्याच्या आवाजावरून मी आजवर सहा फुटी देखणा पुरुष कल्पिला होता, तो निवेदक बर्म्युडा घालून केळं खात होता. त्याची उंची सांगत नाही. श्रोत्यांच्या भावनांचा प्रश्न आहे. नायक मात्र संपूर्ण मेकअप करून आलेला. सोबत पफ घेतलेला एक मुलगा. मी न राहवून विचारलं, ‘रेडिओला मेकअप कशाला?’ निवेदक कीव करत म्हणाला, ‘काका, सगळं शूट होतं. रील्स टाकतो ना आपण.’ म्हणजे कुणी बघणार नाही अशी ज्या रेडिओची ख्याती होती, तिथं आता बघण्यासाठी तयार होऊन यावं लागतं. ऐकण्यासाठी कुणी तयार होऊन आलं नाही तरी चालतं.

अपवाद बाईंचा. त्या पहाटे उठून खर्ज लावून आल्या होत्या. गरम पाण्याचा थर्मास, गळ्याला मफलर. सकाळी आवाज लागत नाही ही गाणाऱ्यांची जुनी तक्रार; त्यांनी तो लावून आणला होता. भाचा मात्र संकटात होता. एसीत तबला गारठला आणि स्वर हलला. तो हातोडीनं गट्टे ठोकायला लागला, तर काचेपलीकडून एक मुलगी धावत आली. ‘दादा, ठोकाठोकी नको प्लीज. आपण ऑन एअर आहोत.’ तबला न ठोकता कसा लावायचा, हे विचारायला वेळ नव्हता, कारण कोथरूडच्या एक काकू फोनवर आल्या होत्या आणि नायकाला विचारत होत्या, ‘नाश्ता केलास का रे बाळा?’ सबंध कार्यक्रमात मला पटलेला प्रश्न तो एवढाच.

अखेर निवेदकानं बाईंकडे मोर्चा वळवला. ‘मॅडम, आमच्या श्रोत्यांसाठी दोन ओळी होऊन जाऊ द्या!’ बाईंनी डोळे मिटले, छोटीशी आलापी घेतली. निवेदकानं घड्याळ पाहिलं. मुखडा आला. भाच्यानं उठान वाजवून अशी काही सम गाठली, की केळं खाणाराही क्षणभर थांबला. बाईंनी अंतऱ्यासाठी श्वास घेतला आणि ‘वाऽऽह! क्या बात है! कुठेही जाऊ नका!’ लगेच हिंजवडीजवळचे दोन बेडरूमचे फ्लॅट, पाठोपाठ पाण्यात न कुजणारं प्लायवूड आणि मग चांदणी चौकात गाड्या कशा खोळंबल्या आहेत त्याची खबर. बाईंनी घेतलेला श्वास तसाच सोडून दिला. सगळ्या लाइव्ह म्युझिकमध्ये खरोखर लाइव्ह असं तेवढंच होतं.

पुढचं तर ऐका. परत आल्यावर निवेदकानं नायकाला त्याच्या नव्या चित्रपटातलं गाणं गुणगुणायला सांगितलं. त्यानं मुखडा म्हटला, अंतरा म्हटला, शब्द विसरला म्हणून मुखडा परत म्हटला. पट्टी कुठली म्हणून भाचा माझ्याकडे बघत होता. मी काय सांगणार, दर ओळीला वेगळी होती. पण त्याला कुणी तोडलं नाही. त्याच्या चित्रपटाची जाहिरात दिवसभर लागणार होती ना!

दारात अडवण्याची रीत रेडिओला तशी जुनीच. आकाशवाणीनं 1940 पासून तीसेक वर्षं पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, दार बंद ठेवलं होतं. आता पेटीला मज्जाव नाही. फक्त गाणं बाहेर ठेवून यावं लागतं.

याच पुण्यातला सकाळचा कार्यक्रम एके काळी कसा होता, हे आठवलं की मला एसीशिवाय गारठायला होतं. 1 एप्रिल 1955, रामनवमी. शुक्रवारी सकाळी पावणेनऊला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. दर शुक्रवारी नवं गाणं. शनिवारी-रविवारी तेच पुन्हा. बावन्न आठवड्यांची बावन्न व्हायची, पण त्या साली अधिक महिना आला म्हणून छप्पन्न झाली. म्हणजे पंचांगानंसुद्धा अंतऱ्याला वेळ काढून दिला. पाहुणे म्हणाल तर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर. त्यांना कुणी पोहे-मिसळ विचारली नाही. आले ते गायला. पहिलं गाणं संगीतकार सुधीर फडक्यांकडून हरवलं, तेव्हा कार्यक्रमाची जबाबदारी असलेल्या सीताकांत लाडांनी कवी ग. दि. माडगूळकरांना खोलीत कोंडलं आणि पंधरा मिनिटांत ते पुन्हा लिहून घेतलं, अशी हकीकत सांगतात. आजच्या पंधरा मिनिटांत एका गाण्याचा मुखडा जेमतेम पार पडतो, बाकी सगळं प्लायवूड. आणि त्या गाण्यांना आठ-आठ, दहा-दहा कडवी असत, बरं का. तरी लोक खोळंबून ऐकायचे. पुण्यातली वर्तमानपत्रं गाण्याचे शब्द छापायची. लोकांनी रेडिओला हार घातल्याचंही सांगतात. आज मी हार घेऊन गेलो, तर ती मुलगी तो काचेपलीकडेच ठेवून घेईल आणि त्याचंही रील करील.

जुनं ते सोनं असं माझं म्हणणं नाही. रोज सकाळी जुन्या सोन्याचीही जाहिरात ऐकतो, मेकिंग चार्जेसवर सूट. नायक येऊ देत, निर्माते येऊ देत, त्यांचे पफवाले येऊ देत. काकूंचे फोन तर घ्याच. माझी निवेदक मंडळींना एवढीच विनंती आहे की गाणाऱ्याला बोलावलंत तर गाऊ द्या. मुखड्यावर वाहवा करून त्याला उठवू नका. अंतरा होऊ द्या, जमलं तर दुसराही. फार तर चार मिनिटं जातील. चांदणी चौकातल्या गाड्या तोवर कुठेही जात नाहीत.